आधी खोड, मग नवरदेव

आपल्याच मालाची निंदा करून तो खपवणारा विक्रेता साऱ्या जगात एकच झाला असेल, आणि तो नात्याने माझा दीर लागतो. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ. तुम्ही त्यांना ओळखता, पण अर्धेच. रविवारी आपण बोलत असताना टॅबलेटच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरी टोपी आणि अर्धी मिशी येते आणि ‘दिसी ऱ्हायनू का मी?’ असं ओरडते ना, ती त्यांची. मागे धाकटीने विचारलं, “आजी, ते टोपीवाले आजोबा काय काम करतात?” मी म्हटलं, “कंपन्यांची जाहिरात करतात.” तुम्ही सगळे हसलात. हसण्यासारखंच आहे म्हणा. पण एवढ्याशा उत्तरात भाऊजी मावत नाहीत, म्हणून आज टेबल आवरून, चष्मा पुसून हे लिहायला बसले आहे.

भाऊजी प्रकाशाला राहतात, तापीच्या काठी, केळीच्या बागेत. मी इथे शहाद्याला. मोपेडवरून त्यांना यायला फारसा वेळ लागत नाही, पण वाटेत ओळखीचा माणूस दिसला की मोपेड थांबते, आणि ओळखीचे नसलेले लोक या रस्त्यावर नाहीतच. तरुणपणी त्यांनी अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी जुळवल्या. पुढे मुलंमुली आपली आपण जुळवू लागली, तेव्हा मोकळ्या वेळाचं काय करायचं म्हणून ते छत्रीवाल्या टीव्हीच्या प्रचाराला लागले. मग मोबाईल आले, त्यानंतर मोबाईलमधले प्रकार आले. सुरत-पुण्याच्या कंपन्यांना इतकं नक्की कळलं होतं की आपल्याकडच्या गावांत चौकातल्या फलकाकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण या टोपीकडे बघतात. म्हणून नवं यंत्र निघालं की कंपनीचा कुणी तरी साहेब गाडीतून उतरून भाऊजींच्या ओट्यावर येतो. सोबत कंपनीचं नाव छापलेला भडक टी-शर्ट असतो. भाऊजी तो नाकारत नाहीत. पांढऱ्या सदऱ्याच्या आत बनियनसारखा घालतात. विचारलं तर म्हणतात, “जाहिरात पोटवर नको, वहिनी. पोटमा पाहिजे.”

धंदा बदलला, पण पद्धत सोयरिकीचीच राहिली. कुठल्याही यंत्राचं नाव त्यांच्या तोंडी येत नाही. ते ‘नवरदेव’ असतं, फार लाडाचं झालं तर ‘पोऱ्या’. पहिल्या भेटीत त्याचा विषय काढायचा नाही. पाणी प्यायचं, केळीचं कसं, पपईचं कसं, सून नांदते का, एवढं बोलून उठायचं. दुसऱ्या भेटीत नवरदेव दाखवायचा. तिसऱ्या वेळी समोरच्या माणसाला मोपेडवर मागे बसवून, जिथे तसंच यंत्र आधी बसलंय त्या घरी न्यायचं आणि आपण बाहेर अंगणात थांबायचं, म्हणजे त्या घरच्यांना मोकळेपणाने तक्रार करता येते. घरातली बाई ‘हो’ म्हणाली नाही, तर सोयरीक मोडली. ती ‘हो’ म्हणाली, तर यंत्रावर नारळ ठेवून सगळ्यांच्या हातावर साखर. आणि या सगळ्याच्या वर त्यांचा आयुष्यभराचा नियम: मुलाची खोड पहिल्याने सांगायची. गुण काय, लग्नानंतर कळतीलच.

खोड सांगायची तर ती आधी शोधायला हवी, त्यासाठी ते नवरदेवाला महिनोन्महिने स्वतःच्या घरी ठेवून घेतात. एकदा चालण्याची मोजदाद ठेवणारं मनगटी घड्याळ आलं होतं. भाऊजींनी ते दोन-चार दिवस स्वतः वापरलं, मग बैलाच्या पायाला बांधलं आणि दिवसभर नांगर चालवला. संध्याकाळी घड्याळाने झगमगाट करून आजच्या कामगिरीबद्दल अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवसापासून भाऊजी प्रत्येक ओट्यावर सांगत सुटले, “बैलले शाबासकी दिनी यानी. माणूस आनि बैल यामा याले फरक समजत नही.” घड्याळं फारशी खपली नाहीत हे सांगायला नकोच. नंतर एक बोलका डबा आला, आज्ञा केली की गाणी लावणारा, हवामान सांगणारा. भाऊजी त्याच्याशी आपल्या अहिराणीत तासभर बोलले, चुलीपासून राजकारणापर्यंत. डबा दर वेळी नम्रपणे क्षमा मागे. शेवटी ते डबा काखेत मारून माझ्याकडे आले. “वहिनी, तुम्ही याना गावना शेत. तुम्हीच बोला याना संगे.” मी आयुष्यभर वर्गात ज्या इंग्रजीत मुलांना गप्प बसवलं, त्या इंग्रजीत डब्याला हवामान विचारलं. त्याने चटकन सांगितलं. भाऊजी म्हणाले, “हुशार शे. पन आपला घरमा याले करमाव नही.” डबा परत गेला.

तो टॅबलेटही त्यांनीच आणला, ज्याच्यावर तुम्ही मला दिसता. त्याची कथा मात्र शेवटी सांगेन.

भाऊजींच्या सगळ्या सोयरिकींत गाजली ती मोटारीची. विहिरीवरच्या पंपाला एक पेटी बसवायची आणि फोनमध्ये एक ॲप घ्यायचं. शेतात वीज आली की फोनवर कळे, आणि घरात बसून बोटाने मोटार चालू होई. आपल्याकडे शेतीची वीज आपल्या सोयीने येत नाही, तिच्या सोयीने येते. तेव्हा या पेटीचं अप्रूप तुम्हाला दूर बसून कळणं कठीण आहे. कंपनी सुरतची. तिचा एक तरतरीत अधिकारी रनाळ्याला आला, मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत पडदा लावला आणि हिंदीतून फायदे सांगू लागला. पाणी वाचेल, श्रम वाचतील, वेळ वाचेल. लोक शांतपणे ऐकत होते, म्हणजे कुणीच ऐकत नव्हतं. मग भाऊजी उठले.

“या पोऱ्याना गुन साहेबनी सांगात. आते खोड ऐका. रेंज नही, तर हाऊ मुका. पावसायामा याना दिवा कधी कधी खोटं बोलस. आनि याना मायबाप सुरतले ऱ्हातस. उद्या त्यासनी हात झटकी दिना, तर मी काय करी सकत नही. हाई ऐकीसन बी ज्याले पाहिजे, त्यानी हात वर करा.”

अधिकाऱ्याने त्यांचा सदरा मागून ओढला. “काका, निगेटिव्ह मत बोलिए!”

“साहेब,” भाऊजी म्हणाले, “पोर देनारा बाप पहिले खोडच इचारस. आपण नही सांगी, तर शेजारी सांगस.”

आणि हात वर झाले. साहेब आधी हातांकडे, मग भाऊजींकडे पाहत राहिला. पुढे त्याने कंपनीच्या कुठल्याशा सभेत ही पद्धत आपली म्हणून सांगितली असं ऐकलं. भाऊजींना त्याचं काही वाटलं नाही. “पोऱ्या शिकना तं सही,” एवढंच म्हणाले.

पेट्या प्रकाशापासून रनाळ्यापर्यंत बसल्या. एका घरी मात्र सोयरीक सहज जमली नाही, ते घर सुमनबाईंचं. या सुमनबाई म्हणजे भाऊजींच्या शेजारच्या गल्लीतल्या, माझ्याहून थोड्या लहान, जिभेला चांगलीच धार. नवऱ्याचे पाय वाऱ्याने गेलेले, तो खाटेवर. केळी, ऊस, थोडी मिरची, सगळा कारभार त्यांचा, आणि वीज येईल तेव्हा विहिरीवर धावणं त्यांचंच. त्यांनी पेटी उलटसुलट करून पाहिली. “नवरदेव गोरा शे, मामा,” त्या म्हणाल्या. गावात भाऊजींना सगळे मामाच म्हणतात, नवरदेवाचे मामा. “पन मन्हा बदला विहीरवर जाई का?” भाऊजींनी सगळ्या खोडी सांगितल्या. सुमनबाईंनी त्या पुन्हा पुन्हा वदवून घेतल्या. मग म्हणाल्या, “शब्द कोना? कंपनीना का तुम्हना?” भाऊजी म्हणाले, “मन्हा.” त्या दिवशी साखर वाटली गेली. पुढे किती तरी दिवस सुमनबाई पदरात फोन बांधून नवऱ्याच्या खाटेशी बसलेल्या दिसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “देख, आठून मोटर चालू करस मी!”

असं चांगलं चाललेलं असताना एका सकाळी भाऊजी माझ्याकडे आले. मोपेडचा आवाज आला, पण ‘वहिनी, च्या ठेवा’ ही हाक आली नाही, तेव्हाच मला वेगळं वाटलं. त्यांनी फोन पुढे केला. “वाची द्या.” कंपनीकडून इंग्रजीत निरोप आला होता. फार सभ्य इंग्रजी होतं. मी शिकवत असते तर फळ्यावर उतरवून घेतलं असतं. सभ्यपणा बाजूला काढला तर उरत होतं ते एवढंच, की महिनाअखेरीपासून ॲप कायमचं बंद.

“भाऊजी,” मी म्हटलं, “मोटार विहिरीवर जाऊन हाताने चालू करता येईल. फोनवरून आता चालणार नाही.”

“दुरुस्त व्हई?”

“नाही. त्यांनी हे कामच बंद केलंय.”

“शेवटले काय लिखेल शे?”

“‘आमच्या प्रवासात सोबत केल्याबद्दल आभार.’”

भाऊजींनी फोन परत घेतला, रुमालाने पुसला आणि खिशात ठेवला. “सोबत करनारा माणूस असा मधीच वाटमा उतरी जास का, वहिनी?” ते म्हणाले. मी चहा ठेवला. तो तसाच निवला.

त्यांच्या मुलाने सुचवलं की गावच्या ग्रुपवर निरोप टाकून द्या, आपलं काम संपलं. भाऊजी त्याच्यावर उखडले. “मयतनी खबर ग्रुपवर टाकतस का? घर जानं पडस.” हल्ली टाकतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीला याचा वास लागला. त्यांचा माणूस फोनवर गोड बोलू लागला: जुनी पेटी काढू, आमची लावू, घरं तुमच्या ओळखीचीच आहेत, मामा. भाऊजींनी त्याला विचारलं, “आजून दहावं बी नही व्हयनं, आनि तुम्ही दुसरी सोयरीक लई उनात?” त्या बिचाऱ्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्याने चौकशी केली की कुणाचं दहावं. भाऊजींनी फोन बंद केला.

आणि मग ते खरोखर दारावर जायला निघाले. कुणी गेलं की आपल्याकडे त्या घरी जाऊन ओट्यावर बसायचं असतं, त्याला दारावर जाणं म्हणतात. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवायची. चहा मागायचा नाही. आधी काही बोलायचं नाही. घरच्यांनी बोलावं म्हणून थांबायचं. आणि उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही, मुकाट्याने निघायचं. ज्या घरावर दुःख आलंय, तिथे पुन्हा असंच यायची वेळ नको, म्हणून. भाऊजी प्रत्येक घरी हे सगळं तसंच करत होते. मला त्यांनी सोबत घेतलं, कारण इंग्रजी निरोप वाचणारी मी होते. कुणी विचारलं तर साक्षीला कुणी तरी हवं.

पहिल्याच घरी ते टोपी गुडघ्यावर ठेवून बसले, तसा घरचा मालक धास्तावून बाहेर आला. “मामा, कोन गया?” भाऊजींनी त्याच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं. तो माणूस आधी मोठ्याने हसला, मग भाऊजींचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं आणि तोही शेजारी टेकला. बराच वेळ आम्ही तिघं एका ॲपच्या दुःखात बसलो होतो. सगळीकडे मात्र असं झालं नाही. एका घरी तरणा मुलगा अंगावर आला. “कंपनीले वळखतं कोन? तुम्हना शब्दवर लायी व्हती पेटी!” मी म्हणणार होते, की अरे, त्यांनी तुला आधीच सगळं सांगितलं होतं. भाऊजींनी हातानेच मला थांबवलं. “खरं शे, भाऊ,” ते म्हणाले, आणि त्याचा राग संपेपर्यंत खाली मान घालून बसून राहिले. मग न बोलता उठले. चालताना मला म्हणाले, “आठे आते मन्हा पाय नही लागाव.” सत्तरी ओलांडलेल्या, ओट्याओट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला एक ओटा कमी होणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी दिसलं. ते पेट्यांसाठी हिंडत नव्हते, मुलांनो. उद्या कुणाच्या दारी ‘मामा, या’ असं कोण म्हणेल, ते चाचपत होते.

सुमनबाईंचं घर त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं. दोनदा त्या गल्लीवरून मोपेड पुढे काढली. शेवटी मीच म्हटलं, “भाऊजी, आता चला.”

सुमनबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. “उनात का? मी कालदिनपासून वाट देखी ऱ्हायनू. बठा घर जाई उनात, आनि मी शेवटली का?”

भाऊजी टोपी काढून बसले. बसले ते बसलेच. मिरचीच्या तिखट वासाने मला शिंका येत होत्या आणि अशा वेळी शिंकणं बरं दिसेना, म्हणून मी पदर नाकाशी धरला होता; लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल, मीच जास्त रडते आहे.

“सुमनबाई,” शेवटी भाऊजीच म्हणाले, “मी शब्द दिना व्हता.”

“दिना व्हता.”

“तो ऱ्हायना नही.”

सुमनबाईंनी हातातली मिरची सुपात टाकली. “मामा, मन्हा कान शाबूत शेतस. रेंज नही तर मुका, पावसायामा खोटं बोलस, मायबाप दूर शेतस, एक दिन हात झटकतीन. हाई कोनी सांगं व्हतं? कंपनीनी? मी ऐकीसन हाऊ नवरदेव घरमा लेयेल शे. मन्हा घरधनी बी मी पाय देखीसन नही करा व्हता. पाय तं त्याना बी ग्यात. मी त्याना बापले शिव्या देऊ का?”

आतून, खाटेवरून नवऱ्याचा आवाज आला, “दी टाक, दी टाक. तो बी ऐकी ली!” आणि सुमनबाई हसल्या. मीही हसले. भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांनी सुमनबाईंचा फोन मागून घेतला, ॲप काढून टाकलं, फोन दोन्ही हातांनी परत दिला आणि मुकाट्याने ओट्यावरून उतरले. पायऱ्या उतरून अंगणापर्यंत गेले.

“मामा!” सुमनबाईंची हाक आली. “‘येतो’ नही म्हनी ऱ्हायनात?”

“मयतना घरतून म्हनतस नही, माय.”

“मयत डबडानी व्हयनी. तुम्हनी नही. म्हना.”

भाऊजी अंगणात उभे होते. टोपी घातली ती उलटी बसली. माझ्या हाताला ती नीट करायचा मोह झाला, पण मी आवरला. मग ते म्हणाले, “येतो, सुमनबाई.”

“हां. आते जा.”

ते गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तेव्हापासूनची व्यवस्था अशी आहे: वीज आल्याचं शेताकडून कुणी सांगितलं की सुमनबाई भाऊजींना मिस कॉल देतात, भाऊजी मोपेड काढून त्यांच्या विहिरीवर जातात, बटण दाबतात आणि परत येतात. ज्या कामासाठी सुरतला मोठी कचेरी लागत होती, ते आता एक टोपी करते. या नवरदेवाच्या खोडीही त्यांनी पहिल्या दिवशी सांगून टाकल्या. “कान कमी शेतस. चढावर दम लागस. आनि हाऊ बी एक दिन बंद पडाव शे.” सुमनबाई म्हणाल्या, “चाली. रेंज नही तरी येस ना?” मी भाऊजींना दटावते की या वयात हे धावणं बरं नव्हे, कुणी गडी ठेवा. ते ऐकत नाहीत. त्या तरण्या मुलाच्या ओट्यावर मात्र ते अजून चढलेले नाहीत. जाता-येता तिथे मोपेड हळू करतात. मागच्या आठवड्यात म्हणे त्याने मान हलवली. नुसती मान. भाऊजींनी ती बातमी मला देण्यासाठी खास शहाद्यापर्यंत फेरी मारली.

आता टॅबलेटची गोष्ट. तुम्ही दूर राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला भाऊजी तो घेऊन आले. मी विचारलं, “याची खोड काय?” माझी अपेक्षा होती की चार्जरबद्दल काही तरी सांगतील, कारण घरात लोंबणारी वायर मला चालत नाही, हे त्यांना माहीत आहे. “पोरं दिसतीन, वहिनी,” ते म्हणाले. “बोलतीन. पन हात लावता येत नही. हाई ऐकीसन पाहिजे, तर ठेवा.” मी ऐकलं आणि ठेवून घेतला. तेव्हा माझी काही तक्रार नाही. सुमनबाईंसारखीच मीही खोड ऐकून घरात आणलेला आहे हा नवरदेव. तुमचं बोलणं संपून पडदा काळा होतो, तेव्हा काच अजून थोडी ऊबदार असते. मी ती मऊ फडक्याने पुसते आणि कपाटात ठेवते. भाऊजी असले तर तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहतात.

मग ते टोपी घालतात, चपला पायात सरकवतात आणि म्हणतात, “येतो, वहिनी.” पूर्वी मी तिकडे लक्षही देत नसे. आता ते म्हणेपर्यंत मी दारात थांबते.

तुम्ही तिकडून ‘बाय, आजी’ म्हणता आणि जाता. त्यात काही वाईट नाही. मीच कधी काळी तो शब्द पोरांना वर्गात शिकवला. पण पुढच्या रविवारी फोन ठेवताना ‘येतो’ म्हणाल? धाकटी, तू ‘येते’ म्हण. केव्हा येणार, ते मी विचारणार नाही.